नैरोबीत एकटी येतेयस? आधी काच वर कर

गेल्या आठवड्यात नाशिकहून मावशीचा फोन, आणि आवाज असा की मला वाटलं कुणीतरी गेलंच. झालं होतं एवढंच की माझ्या मावसबहिणीला तिच्या कंपनीने दोन आठवडे नैरोबीला पाठवायचं ठरवलंय, ती एकटी येणार आहे, आणि मावशीने यूट्यूबवर नैरोबी टाकून जे जे निघालं ते रात्री एक वाजेपर्यंत बघितलं. मागोमाग बहिणीचा मेसेज, ताई खरं सांग, येऊ की नको. तिला व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं, अजून कुणाच्या लेकीलाही उपयोगी पडेल.

तर ये. बिनधास्त नाही, पण ये. मी तीन वर्षं झाली इथे एकटी राहतेय, या शहराला नैरॉबरी असं टोपणनाव आहे आणि इथले लोकही ते हसत हसत वापरतात, पण तीन वर्षांत माझं जे एकदाच गेलं ते निव्वळ माझ्या वेंधळेपणामुळे. पहिल्याच वर्षी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला उहुरू हायवेवर ट्रॅफिकमध्ये टॅक्सी अडकलेली, मी मागे बसलेय, काच चार बोटं नाही तर चांगली वीतभर खाली, आणि फोन खिडकीच्या बाजूच्या हातात, मॅप बघतेय. दोन मिनिटांपूर्वी ड्रायव्हर मला म्हणाला होता, फुंगा दिरिशा, म्हणजे खिडकी बंद कर. मला वाटलं एसी लावतोय. मग एक हात आत आला. मनगटावर मण्यांचं केनियाच्या झेंड्याचं ब्रेसलेट होतं, ते मला आजही दिसतं, चेहरा मात्र अजिबात आठवत नाही, कारण मी चेहऱ्याकडे बघेपर्यंत तो तीन गाड्या पलीकडे गेलेला. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि म्हणाला, पोले मॅडम, म्हणजे वाईट वाटलं. मग त्याने स्वतःच काच वर केली.

त्यामुळे माझा पहिला सल्ला तोच, गाडीत बसलीस की काच वर, दार लॉक, पर्स मांडीवर किंवा सीटवर नको, पायाशी ठेव, आणि फोन काढलाच तर आतल्या हातात. फुटपाथवरही तसंच, कारण बोडा बोडा (म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पण सगळे टॅक्सीच असतात असं नाही) फुटपाथच्या कडेने येतात आणि फोन उचलून जातात. आपल्याकडे मंगळसूत्रं ओढणारे पण बाइकवरूनच येतात ना, तसंच. मंगळसूत्रावरून आठवलं, सोनं आणू नकोस, अगदी कानातलं सुद्धा खोट्यातलं घाल. इथे आपला चेहरा म्हणजे पैसा असं एक समीकरण आहे. १८९६ ते १९०१ मध्ये रेल्वे बांधायला इंग्रजांनी तीस हजारांच्या वर भारतीय मजूर आणले, त्यांच्यामागून दुकानदार आले, आणि दुकानाला इथे अजूनही दुका म्हणतात, गाडीला गारी, पैशाला पेसा. २०१७ मध्ये सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण रस्त्यावर तू मुहिंदी, आणि मुहिंदीकडे पेसा असतोच असं गृहीत धरलं जातं. (भारतीय लोकांना वाहिंदी म्हणतात आणि मक्याला माहिंदी. पहिल्या आठवड्यात मी भाजलेलं कणीस मागायला गेले आणि भारतीय माणूस मागून आले, असो.)

दुसरी गोष्ट अंधाराची, आणि ही आपल्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे त्यामुळे बाराही महिने साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश वगैरे लाड नाहीत, सात म्हणजे चक्क काळोख. पुण्यात आपण साडेसातला चालत भाजी आणायला जातो ती सवय इथे चालत नाही. पाचशे मीटरवर हॉटेल असलं तरी अंधार पडल्यावर टॅक्सीच. हसतील असं वाटेल, पण कुणी हसत नाही, इथल्या मुलीही तेच करतात. खरं सांगायचं तर मला जे काही येतं ते मी इथल्या बायकांकडे बघूनच शिकले, गाइडबुकातून नाही. त्या टाऊनमध्ये चालताना बॅग पोटाशी धरतात, उभ्या राहून फोन बघत नाहीत, बघायचाच असेल तर सरळ एखाद्या दुकानात किंवा बँकेच्या दारात शिरतात आणि पाठ भिंतीला लावतात.

टाऊन म्हणजे सीबीडी, शहराचा मधला ऑफिसं-दुकानांचा भाग. तिथे मोई ॲव्हेन्यू हा एक अंदाजाचा पट्टा धर, त्याच्या या बाजूला मोठी ऑफिसं, बँका, केनयाटा ॲव्हेन्यू वगैरे, दिवसा काही वाटत नाही, आणि पलीकडे टॉम म्बोया स्ट्रीट, रिव्हर रोड, म्हणजे आपलं भुलेश्वर आणि एसटी स्टँड एकत्र कर आणि चौपट कर. स्वस्त माल तिथेच मिळतो, मला ती गर्दी आवडतेही, पण पहिल्यांदा ऑफिसातल्या कुणाला तरी घेऊन जा. तू राहशील वेस्टलँड्स किंवा किलिमानीला, आणि पार्कलँड्स जवळच, जिथे ढोकळ्यापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे दोन आठवडे काढणं अवघड नाही.

आता आमच्या गेटबाहेरच्या भाजीवालीबद्दल सांगते. भाजीवालीला इथे मामा म्बोगा म्हणतात. हो, मामा म्हणजे आई. आणि ऐक, दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ! मला कुणी बाजारात हाक मारली, दादा, करीबू, तर मी पहिले कित्येक दिवस मागे वळून बघायचे की कुठला दादा. तर ही मामा, हिच्याकडून मी सुकुमा विकी घेते, म्हणजे पालकासारखी जाड पानांची भाजी, एकदा तिच्याबरोबर मार्केटला गेले होते आणि गर्दीत कुणीतरी माझ्या बॅगेची चेन उघडली. मी ओरडायला तोंड उघडलं, म्वि... एवढंच, आणि तिने माझं मनगट इतकं करकचून धरलं की बोटांचे वळ उठले. म्विझी म्हणजे चोर. नंतर ती म्हणाली, तू तो शब्द ओरडलीस तर ही सगळी गर्दी त्या पोराला इथेच मारून टाकेल, मग तुला झोप लागणार आहे का. आणि हे काही ती उगीच बोलत नव्हती, जमावाने चोर मारल्याच्या बातम्या इथे येत असतात. तेव्हापासून मी सांगते, बॅग ओढली तर सोड, मदत हवी तर कुठल्याही बाईला मामा किंवा दादा म्हणून हाक मार, त्या धावून येतात, पण तो शब्द तोंडातून काढण्याआधी दहा वेळा विचार कर. कुणी फारच मागे लागलं तर सिताकी, म्हणजे मला नको, आणि त्याहून पुढे गेलं तर नियाचे, मला सोड. हसत हसत सिताकी म्हटलं तर उपयोग नाही, आपल्या बायकांना नको म्हणतानाही हसायची जी सवय आहे ती विमानातच सोडून ये.

टॅक्सी ॲपवरूनच. नंबरप्लेट जुळवायची, आणि नाव तू सांगायचं नाही, त्याला विचारायचं की कुणाला घ्यायला आलायस. ड्रायव्हर फोन करून विचारतात कुठे जायचंय, कॅश की एम-पेसा (म्हणजे फोनवरून पैसे), ते नॉर्मल आहे, पण ट्रिप कॅन्सल करून असंच जाऊ म्हणाला तर उतर. एअरपोर्टवरून वेस्टलँड्सला २०२२ पासून एक्स्प्रेसवे आहे, टोल वेगळा पडतो पण रात्रीची फ्लाइट असेल तर तो टोल खुशाल दे, खालच्या रस्त्याने जाऊ नको. मटाटू म्हणजे ती गाणी वाजवत जाणारी चौदा सीटची व्हॅन, दिवसा एकदा बसच, मजा असते, पण रात्री अर्धी रिकामी आणि आत फक्त पुरुष असं दिसलं तर नाही. आणि लाइव्ह लोकेशन मावशीला पाठवू नकोस प्लीज, इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे साडेअकरा, ती जागी राहणार, ठिपका हलला नाही की मला फोन करणार. मलाच पाठव.

पैसे सगळे एम-पेसावर, २००७ पासून हे लोक फोनवरून पैसे देतायत, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. पासपोर्ट दाखवून सिम घे, मग कणीसवालीला पण फोनवरूनच पैसे देता येतात आणि कॅश बाळगायला लागत नाही. फक्त, चुकून तुम्हाला पैसे गेले, परत पाठवा असा मेसेज येईल आणि पाठोपाठ कुणीतरी रडत फोन करेल, तर आधी बॅलन्स बघ. बहुतेक वेळा आलेलं काहीच नसतं.

आता कपड्यांचं, कारण मावशीने तेच तीनदा विचारलं. वेस्टलँड्समध्ये काय घातलंयस याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये इथे टाऊनमधल्या एका मटाटू स्टॉपवर पुरुषांनी एका बाईचे कपडे फाडले होते, तोकडे घातले म्हणून, आणि त्यानंतर शेकडो बायका माझा ड्रेस माझी मर्जी म्हणत रस्त्यावर उतरल्या, कित्येक जणी मुद्दाम मिनी घालून. मला त्या बायकांचं जास्त कौतुक वाटतं. तू जीन्स घाल, कुर्ता घाल, आणि स्वेटर आण, शहर समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे, जुलैत दात वाजतात.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. २०२४ च्या जानेवारीत इथे भाड्याच्या शॉर्ट-स्टे फ्लॅटमध्ये तरुण मुलींचे खून झाले आणि २७ तारखेला हजारो बायका मोर्च्याला आल्या. म्हणजे रस्त्यापेक्षा बंद दाराआडचा धोका मोठा, आणि तो ओळखीच्या झालेल्या माणसाकडूनच. तेव्हा दोनशे शिलिंग वाचवायला कुठलातरी फ्लॅट बुक करू नकोस, जिथे गेटवर अस्कारी म्हणजे वॉचमन आहे आणि आलेल्या-गेलेल्यांची वहीत नोंद होते तिथेच राहा. नवीन कुणाला भेटायचं तर मॉलमधल्या कॅफेत. ग्लास टेबलावर सोडून वॉशरूमला गेलीस तर परत आल्यावर तो पिऊ नको, इथे ड्रिंकमध्ये औषध घालण्याला म्चेले म्हणतात, म्हणजे शब्दशः तांदूळ. पुरुषही त्यात लुटले जातात.

आणि मांदामानो हा शब्द ऐकलास, म्हणजे मोर्चा, तर त्या दिवशी टाऊनला जायचं नाही. २५ जून २०२४ ला टॅक्सविरुद्धचा मोर्चा पार संसदेत घुसला होता, गोळीबार झाला, आम्ही दिवसभर घरात. बाकी नंबर सेव्ह कर, ९९९ किंवा ११२ पोलिसांचा, आणि ११९५ बायकांवरच्या अत्याचारासाठीची फुकट हेल्पलाइन.

एवढं सगळं वाचून घाबरली असशील तर रविवारी सकाळी तुला करुरा जंगलात नेते. भर शहरात हजारएक हेक्टरचं जंगल, बिल्डरांच्या घशात जायचं होतं, वांगारी मथाई बाईंनी मार खाऊन वाचवलं, त्यांनाच पुढे २००४ चं शांततेचं नोबेल मिळालं. तिकीट आहे, गार्ड आहेत, आणि तिथे बायका कानात गाणी लावून एकट्या पळत असतात. मी पण पळते, म्हणजे चालते.

निघायच्या आधी ईटीए, म्हणजे केनियात यायची परवानगी, ऑनलाइन भर. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घे, ती ठराविक केंद्रांवरच मिळते, आणि कार्ड जपून ठेव, नाहीतर परत गेल्यावर मुंबईला सहा दिवस क्वारंटाइनमध्ये बसवतील. आणि मावशीला सांग चिवडा आणि चकली स्टीलच्या डब्यात भरून दे, प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नको, २०१७ पासून इथे त्यावर बंदी आहे. डबा मोठा घे. मामा म्बोगाला पण द्यायचीय चकली.