घरच्या घरी बॉडी चेन: सगळी कसोटी मापाची

आमच्या बेळगावात लग्नसराई जवळ आली की खडेबाजारात कंबरपट्ट्यांच्या जोडीने बॉडी चेनही, म्हणजे खांद्यांवरून आणि काखेखालून छाती-पाठीवर घालायच्या साखळ्याही, हमखास टांगलेल्या दिसतात, पण तयार साखळी एकाच मापाची असल्यामुळे ती कुणाच्या खांद्यावरून घसरते, तर कुणाला बसताना पोटाशी काचते. हा दागिना घरी करावा असे मला मनापासून वाटते ते याचसाठी. त्याची घडण आपल्याकडेही फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मध्य प्रदेशातील भरहूतच्या बौद्ध स्तूपावरील शिल्पांत छातीवर फुली करणारा छन्नवीर नावाचा दागिना दिसतो. १९९२ साली इंग्लंडमधील हॉक्सन येथे सापडलेल्या खजिन्यातली रोमन काळातली सोन्याची साखळीही खांद्यांवरून आणि काखेखालून जाणाऱ्या चार पदरांचीच आहे.

माप सुतळीने घ्यावे आणि ज्या पोलक्यावर साखळी घालायची, तेच अंगात असावे. छातीवर जिथे पदर एकत्र येतात त्या पदकापासून खांद्यावरून पाठीच्या मध्यापर्यंत एक आणि त्याच पदकापासून काखेखालून पाठीपर्यंत दुसरे, अशी दोन मापे दोन्ही बाजूंना स्वतंत्र घ्यावीत, कारण दोन्ही खांदे बहुधा तंतोतंत सारखे नसतात. उभ्याने घेतलेले माप पाटावर बसून, हात वर करून पुन्हा तपासावे. कंबरेचा पदर जोडायचा असेल तर त्याचे माप जेवणानंतर बसूनच घ्यावे आणि फाशाजवळ (साखळी अडकवायच्या आकड्याजवळ) पाचेक सेंटिमीटर जादा साखळी ठेवावी.

साखळी तयार आणावी, जोडकड्या मात्र स्वतः कराव्यात. एक मिलिमीटर जाडीची पितळी तार ४ मिलिमीटरच्या विणकामाच्या सुईवर वेढे चिकटून येतील अशी गुंडाळायची आणि एकेक वेढा कटरने कापायचा. कडी उघडताना दोन चपट्या पकडींनी एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे वळवावे. टोके बाजूंना फाकवली तर गोलाई बिघडते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. मिटतानाही टोके एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन मागे आणली की तार ताणून धरते आणि फट राहत नाही. डाख दिलेला (धातू वितळवून सांधलेला) नसल्याने सगळा भार या सांध्यावरच येतो. इरकलीच्या पदराचे टोक कडीवरून हलकेच फिरवून पाहावे. एक जरी धागा अडकला तरी सांधा पुन्हा दाबावा. पाठीमागची एक कडी मात्र मुद्दाम बारीक तारेची ठेवावी, म्हणजे साखळी कुठे अडकलीच तर तीच आधी उघडेल आणि अंगाला ओरखडा येणार नाही.

धातूच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: मुलाम्यापेक्षा साधे पितळ बरे. स्वस्त मुलाम्याखाली पुष्कळदा निकेल असते आणि घामाबरोबर ते त्वचेला लागून ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना खाज सुटते, पुरळ येते. पितळेतल्या तांब्यामुळे अंगावर हिरवट डाग पडतो, पण तो धुतला की जातो.

पितळेचा हा नमुना मनासारखा बसला की तोच घेऊन बेळगावातल्याच शहापूरच्या सराफाकडे किंवा निपाणीपलीकडच्या, चांदीकामाच्या हुपरीला जावे. चांदी वजनावर घ्यायची असते, आणि पदरांची नेमकी लांबी हाताशी असल्यामुळे कारागिराला अंदाजाने जास्तीची चांदी घालावी लागत नाही.