टेगूच्या बिळासाठी माती

आमची टेगू, म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा, अर्जेंटिनाच्या जातीची, साडेतीन फुटांची. तिला आडोसा म्हणजे बीळच लागतं. (घोरपड पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी टेगूचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, तेवढी आधी करा.)

देवगडात नारळाच्या सोडणांना तोटा नाही, म्हणून पहिल्या वर्षी तिच्या पेटीत नुसतं कोकोपीट, म्हणजे सोडणांचा भुसा, भरलं. ती आत शिरली की छत तिच्याच अंगावर! फार वाईट वाटलं. शिवाय किनाऱ्याकडच्या कोकोपीटात मीठ असतं, ते दोन-तीन पाण्यांतून धुवावंच लागतं. पुळणीवरची वाळू तर नकोच, खारट आणि भुसभुशीत.

आता परसातली तांबडी माती ६ घमेली, वहाळाची वाळू ३, धुतलेलं कोकोपीट १. माती फणसाखालची घेते. हापूसच्या कलमांखालची नाही, तिथे फवारणी होते. पाणी शिंपडून मूठ आवळायची. गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग १८ इंचांचा थर, हाताने दाबत दाबत. ओली माती भयंकर जड होते, म्हणून पेटी चिऱ्यांवर ठेवली आहे.

पावसाळ्यात खरी कसोटी. श्रावणात वरच्या थराला पांढरी बुरशी धरते; ती खरवडून काढते, झाकणाची जाळी उघडी ठेवते.

काल बॅटरी मारून पाहिलं. बिळाच्या भिंतीवर नखांचे ताजे ओरखडे, छत शाबूत, आणि आत खोलवर ती वेटोळं करून झोपलेली.