स्वातीचं वय कुणी मोजलं?

मे अखेरीस सोलापुरात रात्री दहा-साडेदहाला गच्चीवर अंथरूण टाकलं की जवळजवळ थेट डोक्यावर नारिंगी स्वाती दिसते. तिचं वय सुमारे ७०० कोटी वर्षं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: हे कळलं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

ताऱ्याचं वय थेट मोजता येत नाही. सूर्य अपवाद, उल्कापाषाणांतल्या किरणोत्सारी द्रव्यांवरून त्याचे ४५७ कोटी ठरले. बाकीच्यांचा हिशेब करावा लागतो. पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून अंतर, आणि अंतरावरून खरी दीप्ती. वर्णपटावरून, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशावरून तापमान आणि लोह-मॅग्नेशियमचं प्रमाण. मग तापमान आणि दीप्तीच्या आलेखावर, गणिताने काढलेल्या समवयस्क ताऱ्यांच्या रेषांपैकी (एका वयाला एक रेषा) हा तारा कोणत्या रेषेवर बसतो ते पाहायचं. वाटेतल्या धुळीचा हिशेब चुकला तर तारा मंद आणि तांबूस भासतो, आणि वयही चुकतं.

खरी अडचण रेषांचीच आहे. सूर्यासारखा तारा शेकडो कोटी वर्षं आलेखावर जवळपास जागचा हलत नाही. स्वातीसारख्या तांबड्या राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्यांपाशी सगळ्या रेषा एकमेकींना चिकटतात. तापमानात १०० अंशांची चूक झाली तरी वय शेकडो कोटींनी सरकतं. म्हणून तिचे ७०० कोटी शे-दीडशे कोटी इकडेतिकडे धरूनच वाचावेत. गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपलेले, फुगू लागलेले उपराक्षसी तारे मात्र सर्वांत भरवशाचे. तिथे रेषा एकमेकींपासून सुट्या असतात.

तरी एकट्या वयावर विसंबू नये, ताऱ्याचं रसायनही पाहावं, असं आमचं ठाम मत आहे. मॅग्नेशियम वजनदार ताऱ्यांच्या स्फोटांतून येतं. ते तारे काही कोटी वर्षांतच संपतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या स्फोटांतून येतो, आणि त्यांतले बरेच शंभर कोटी वर्षांनंतरही होत राहतात. म्हणजे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त, तर तारा श्वेतबटूंचं लोह पुरतं मिसळण्याआधीचा. स्वातीत लोह सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पण लोहाच्या मानाने मॅग्नेशियम सूर्याच्या दुपटीच्या आसपास.

काही ताऱ्यांत मॅग्नेशियम असंच भरपूर सापडतं, पण हिशेबात ते कोवळे निघतात. त्यांतल्या बहुतेकांनी जोडीदाराचं द्रव्य ओढून घेतलेलं असावं. वजन वाढलं की हिशेबाला तारा तरुण वाटतो. वर्णपटातलं मॅग्नेशियम मात्र जुनंच राहतं. रसायन हाताशी नसेल तर आकाशगंगेच्या इतिहासात हे म्हातारे खुशाल तरुण म्हणून नोंदले जातात.

शियांग आणि रिक्स यांनी २०२२ मध्ये चीनची लामोस्ट दुर्बीण आणि युरोपची गाया मोहीम यांच्या मापांतून सुमारे अडीच लाख उपराक्षसी ताऱ्यांची वयं काढली. आकाशगंगेची जाड तबकडी, म्हणजे तिच्या चकतीचा जुना, जाडसर भाग, १३०० कोटी वर्षांपूर्वी घडू लागली होती, असं त्यातून दिसलं. एक लहान दीर्घिका आपल्यात मिसळली ती त्यानंतर सुमारे २०० कोटी वर्षांनी. तिचे तारे आजही लांबट कक्षांतून आपल्या आसपास फिरतात, आणि लोहाच्या मानाने कमी असलेल्या मॅग्नेशियमवरून वेगळे ओळखू येतात.