फोर्थ आणि हॉवर्डच्या कोपऱ्यावर

बाबांची अमेरिकेची ही दुसरी खेप. गोल्डन गेट, लोंबार्ड स्ट्रीटची वळणं, पिअर ३९ वरचे सी लायन, हे सगळं मागच्या वेळी झालेलं, त्यामुळे यंदा सॅन फ्रान्सिस्कोत कुठे न्यायचं हा प्रश्नच होता. तर ते स्वतःच म्हणाले, "बाय, तू ते गळ्यात कार्ड अडकवून फोटो पाठवतेस ना, ती जागा दाखव." म्हणजे मॉस्कोनी सेंटर. आमच्या क्षेत्रातल्या लोकांची कॉन्फरन्सची पंढरीच ती, मी स्वतः सहा-सात वेळा गेलेय, पण दरवेळी बार्टमधून, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनमधून, उतरायचं, सरळ हॉलमध्ये शिरायचं, संध्याकाळी पाय दुखायला लागले की परत. आजूबाजूला काय आहे ते कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. बाबांना न्यायचं म्हणून आधी दोन रात्री बसून वाचलं आणि मग जे कळत गेलं त्याने मी हललेच.

सप्टेंबरातला शनिवार, फ्रीमाँटहून बार्ट पकडली, पाऊण-एक तासात पॉवेल स्टेशन. वर आलो तर मार्केट स्ट्रीटची अवस्था बघून वाईट वाटलं. नॉर्डस्ट्रॉम हे मोठं दुकान २०२३ मध्ये बंद झालं, आजूबाजूची बरीच दुकानं रिकामी, फुटपाथवर झोपलेली माणसं. बाबा काही बोलले नाहीत, नुसता हात धरला. तिथून दोन ब्लॉक गेलं की एकदम हिरवळ लागते, येर्बा ब्यूएना गार्डन्स. लोक गवतावर लोळत होते, एका आज्जींचा ताई ची हा चिनी व्यायाम चाललेला, समोर सेंट पॅट्रिक्सचं जुनं विटांचं चर्च.

मी म्हटलं, बाबा, आपण छपरावर उभे आहोत.

त्यांना पटेना. पण खरंच तसं आहे, या हिरवळीच्या खाली मॉस्कोनी नॉर्थचा हॉल आहे आणि हॉवर्ड स्ट्रीट ओलांडला की जे लहान मुलांचं गार्डन लागतं त्याच्या खाली मॉस्कोनी साउथ. पहिला हॉल, म्हणजे साउथ, १९८१ ला उघडला, नॉर्थ १९९२ ला आणि वरची ही बाग १९९३ ला. हॉलवर बाग करायची म्हणजे मातीचं, झाडांचं, पाण्याचं केवढं वजन, शिवाय भूकंपाचा प्रदेश, त्यासाठी टी. वाय. लिन नावाच्या इंजिनियरने काँक्रीटच्या मोठ्या कमानी करून पहिल्या हॉलचं छत पेललं, त्यामुळे त्याच्या आत मधे खांब नाहीत. बाबा उभी हयात मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढलेला माणूस, त्यांना मशीन आणि शेडच्या गोष्टी कळतात, बुटाच्या टाचेने गवतावर दोनदा ठोकून बघितलं त्यांनी.

मग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकाचा धबधबा. पाण्याच्या पडद्यामागून चालत जायचं आणि काचेवर त्यांची वाक्यं, वेगवेगळ्या भाषांमधली. आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही. बाबा म्हणाले साच्यांचा आवाज असाच असायचा, आम्ही ओठ बघून बोलायचो. हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले आणि मी वाचलेलं सगळं त्यांना सांगितलं. इथे पूर्वी काय होतं? तर स्वस्त हॉटेलं, पण टुरिस्टची नाहीत, महिन्याच्या भाड्याने राहायची. छोटी खोली, संडास-बाथरूम सामाईक, खाली खाणावळ आणि सलून. राहणारे बहुतेक एकटे पुरुष, बोटीवर, गोदीत, मासे डबाबंद करायच्या कारखान्यांत आयुष्य घालवून रिटायर झालेले, थोड्याशा पेन्शनवर जगणारे. मी एवढं सांगितलं आणि बाबा म्हणाले, "म्हणजे आमचा गाळाच." ते राजापूरहून मुंबईला आले तेव्हा लालबागच्या एका खोलीत पंधरा-सोळा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खाणावळवाल्या बाईंकडे. मला पुढे काही समजावून सांगावंच लागलं नाही.

साठच्या दशकात शहराच्या रिडेव्हलपमेंट एजन्सीने हा ८७ एकरांचा पट्टा घेतला, गलिच्छ वस्ती ठरवली, कन्व्हेन्शन सेंटर, स्टेडियम, ऑफिसं असा मोठा प्लॅन काढला आणि हॉटेलं रिकामी करून पाडायला सुरुवात केली. तिथे साधारण चार हजार माणसं राहत होती आणि सातशेच्या आसपास छोटे धंदे होते. एजन्सीचे प्रमुख जस्टिन हरमन, त्यांच्या नावाचा एक चौकही होता शहरात, २०१७ मध्ये ते नाव काढलं.

पण या म्हाताऱ्यांना संघटना कशी करायची ते माहीत होतं. बंदरातल्या संपांमध्ये घडलेली माणसं ती. १९६९ मध्ये एकत्र येऊन त्यांनी टूर नावाची संघटना काढली, पूर्ण नाव टेनंट्स अँड ओनर्स इन ऑपोझिशन टू रिडेव्हलपमेंट. अध्यक्ष जॉर्ज वुल्फ, मासे डबाबंद करणाऱ्या कामगारांचे जुने पुढारी, तेव्हा वय ऐंशीच्या घरात! दुसरे पीटर मेंडेलसन, बोटीवरचे खलाशी. त्यांनी फेडरल कोर्टात दावा लावला, मुद्दा साधा होता, तुम्ही आम्हाला हलवताय पण राहण्यासारखी परवडणारी दुसरी घरं आहेत कुठे? कायद्याने ती द्यायलाच हवी होती. जज स्टॅन्ले वायगल यांना ते पटलं आणि माणसं हलवण्यावर बंदी आली. प्रकल्प अडकला. शेवटी १९७३ मध्ये समझोता झाला की याच भागात चारशे नवी स्वस्त घरं बांधायची.

आणि पैसे कुठून? हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांवर जो कर असतो त्यात थोडी वाढ करून. बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं. म्हणजे ज्या कॉन्फरन्ससाठी ही जागा हवी होती, त्या कॉन्फरन्सला येणाऱ्यांच्या खिशातून म्हाताऱ्यांच्या घरांना हातभार? मी म्हटलं हो, बंगलोरहून आमच्या टीमचे लोक येतात ना, त्यांच्या हॉटेलबिलात तो कर असतो.

सगळं छान झालं असं मुळीच नाही. चार हजार माणसांसमोर चारशे घरं काहीच नाहीत, बरेच जण निकाल लागायच्या आधीच कुठे कुठे गेले आणि पाडलेल्या जागांवर कित्येक वर्षं नुसती पार्किंग होती. हे लपवून बागेचं कौतुक करणं मला चालत नाही. पण हॉल जमिनीखाली आणि वर बाग हा निर्णयसुद्धा त्या विरोधामुळेच होऊ शकला. मेयर जॉर्ज मॉस्कोनी यांनी १९७६ मध्ये नागरिकांची कमिटी नेमली, लोकांचं मत घेतलं, मग हे ठरलं. २७ नोव्हेंबर १९७८ ला सिटी हॉलमध्ये मॉस्कोनी आणि शहराच्या मंडळाचे सदस्य हार्वी मिल्क यांना गोळ्या घालून मारलं, त्यानंतर सेंटरला मॉस्कोनींचं नाव दिलं. सहा-सात वेळा त्या नावाचं कार्ड गळ्यात घालून मी फिरले आणि हे नाव कोणाचं हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुलावरून हॉवर्ड स्ट्रीट ओलांडला. हा २०१९ च्या एक्स्पान्शनमधला नवा पूल, खाली काचेचा चकाचक लॉबी भाग दिसतो. पलीकडे मेरी-गो-राउंड, १९०६ सालचं, लाकडी घोडे, जिराफ, आधी समुद्राकाठच्या प्लेलँड या करमणुकीच्या बागेत होतं. त्याला लेरॉय किंग यांचं नाव आहे, ते गोदी कामगारांच्या युनियनचे पुढारी. पाळण्याला कामगार पुढाऱ्याचं नाव! बाबांनी तिथे फोटो काढायला लावला, एकट्याचा, मला बाजूला व्हायला सांगून.

आणि मग फोर्थ आणि हॉवर्डचा कोपरा. इथेच मी कॉन्फरन्सच्या दिवशी कॉफीच्या लाइनमध्ये उभी असते. एका बाजूला सेंटरच्या तिसऱ्या इमारतीची, मॉस्कोनी वेस्टची, काचेची भिंत, आणि रस्त्याच्या बरोब्बर समोर एक साधी, फिकट रंगाची इमारत, खिडक्यांत कुंड्या. वुल्फ हाउस. त्या समझोत्यातून उभं राहिलेलं पहिलं घर, १९७९ चं. दारात एक आजोबा वॉकरवर टेकून ऊन खात होते, आम्ही पाटीचा फोटो काढतोय बघून हसले, विचारलं कुठून आलात. मी सांगितलं की माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. त्यांनी वॉकरवरचा हात उचलून बाबांच्या खांद्यावर ठेवला आणि "युनियन?" एवढंच विचारलं. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "युनियन. स्ट्राइक. नाइन्टीन एटी टू." पुढची दहा मिनिटं दोघे काय बोलले मला नीट सांगता येणार नाही, बाबांचं इंग्रजी मोजकं, त्यांचे उच्चार वेगळे, पण दोघांचं चाललं होतं. मी मधे पडले नाही.

बाबांच्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीचा फॉर्म भरलेला, अजून नंबर लागलेला नाही, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात आहे. परत निघताना ते एवढंच म्हणाले, "हे इथेच राहिले. त्याच जागेवर."

मागच्या गल्ल्यांची नावं फिलिपिनो आहेत, लापू-लापू, रिझाल, बोनिफासिओ, मबिनी. तिथे याच ज्येष्ठ रहिवाशांसाठी केलेली भाज्यांची बाग आहे, वाफे कमरेएवढे उंच, म्हणजे वाकावं लागत नाही. फाटक बंद होतं. आत एक काका कांद्याच्या पातीला पाणी घालत होते. बाबा जाळीला नाक लावून उभे, कोपऱ्यातल्या वाफ्यात कोथिंबीर फुलावर जाऊन वाळायला लागली होती. "बी धरलंय," बाबा मराठीतच म्हणाले, बोट दाखवून. काकांनी वळून बघितलं, हसले, वाळक्या दांडीवरून मूठभर धणे ओरबाडले आणि जाळीच्या भोकातून थोडे थोडे करून बाबांच्या ओंजळीत सोडले.

बाबांनी ते रुमालात बांधले. बार्टमध्ये वेस्ट ओकलंड येईपर्यंत दोनदा रुमाल उघडून वास घेतला, मग मला विचारलं, तुमच्या मागच्या अंगणात ऊन कुठल्या बाजूने येतं.