आधार क्रमांक लॉगमध्ये दिसताच कामा नये

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या व्यवहारांचं एक सॉफ्टवेअर मी जळगावात बसून सांभाळतो. माल काट्यावर चढतो, पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) निघते, पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात. त्यामुळे एकेका नोंदीत आधार, खाते क्रमांक, मोबाइल असं सगळं एकाच जागी असतं. देशात आधारवाटपाची सुरुवात आपल्याच खान्देशात झाली, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. ज्या भागातल्या लोकांनी सगळ्यात आधी विश्वासाने बोटांचे ठसे दिले, त्यांचा क्रमांक माझ्या लॉग फाइलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या कामाची आणि चुकांची नोंद ठेवतं त्या फाइलमध्ये, उघडा पडलेला मला चालणार नाही.

पट्टी अडकली की व्यापाऱ्याकडचे मुनीमजी म्हणतात, "भाऊ, काय एरर येतोय बघा ना," आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, हे त्यांनाही धड माहीत नसतं. त्यांचं काही चुकत नाही. त्या फोटोत झाकण्यासारखं काही उरू नये, ही जबाबदारी कोड लिहिणाऱ्याची.

बरेच जण लॉगवर फिल्टर बसवतात : सलग १२ अंक दिसले की फुल्या मारायच्या. मला हे अजिबात पटत नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांकही १२ अंकीच असतो. पैसे अडकल्यावर नेमका तोच शोधायचा असतो, आणि फिल्टर तोच झाकून टाकतो. उलट कार्डावर छापतात तसा चार-चारच्या गटात जागा सोडून लिहिलेला आधार बिनदिक्कत पुढे जातो. नुसते अंक बघून हा क्रमांक कशाचा आहे ते कळत नाही. ते जिथे डेटाची रचना ठरते तिथेच माहीत असतं, म्हणून झाकायचंही तिथेच.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आम्ही पायडँटिक वापरतो, म्हणजे आलेला डेटा ठरलेल्या रचनेत बसतो का ते तपासणारी लायब्ररी. तिथे फील्डचा (नोंदीतल्या एका रकान्याचा) टाइप साध्या स्ट्रिंगऐवजी 'सीक्रेटस्ट्र' दिला, की ती नोंद प्रिंट करा नाहीतर लॉगमध्ये टाका, दहा फुल्याच दिसतात. मूळ मजकूर कितीही लांब असो, फुल्या दहाच, त्यामुळे लांबीचाही अंदाज येत नाही. खरी किंमत हवी असेल तर 'गेट_सीक्रेट_व्हॅल्यू' असं स्पष्ट लिहून मागावी लागते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. हे नाव कोडमध्ये शोधलं की गुपित कुठे कुठे उघडलं जातं, त्याची यादीच हातात येते. आधारसाठी शेवटचे ४ अंक दाखवायचे असतील (मास्क्ड आधारवर तेवढेच दिसतात), तर स्वतःचा टाइप बनवून त्याची 'डिस्प्ले' पद्धत बदलता येते.

दोन ठिकाणी मात्र जपा. एक, नोंदीचं जेसन (डेटा मजकूररूपात लिहायची पद्धत) काढताना फुल्याच बाहेर पडतात. तेच जेसन डेटाबेसमध्ये साठवलं तर खातं क्रमांकाच्या जागी फुल्या जाऊन बसतील आणि शेतकऱ्याचे पैसे अडकतील. साठवणुकीची वाट वेगळी ठेवा, आणि तिथे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणारं रूप देणं) वेगळं करा, कारण हा टाइप फक्त दाखवताना झाकतो, मेमरीत मूळ किंमत तशीच असते. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. क्रमांक तपासणीत नापास झाला की पायडँटिक एररच्या मजकुरात आलेलं इनपुट जसंच्या तसं छापतं. एखादा अंक जास्त पडलेला आधार म्हणजे जवळजवळ पूर्ण आधारच. त्यासाठी नोंदीची रचना ठरवणाऱ्या मॉडेलच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) 'हाइड_इनपुट_इन_एरर्स' चालू करावं लागतं, आणि ते आपोआप चालू नसतं.

हे तपासायची टेस्ट सोपी आहे. आधारचा पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो. म्हणून १ ने सुरू होणारा १२ अंकी क्रमांक घ्या. तो कुणाचाही असू शकत नाही आणि तपासणीत हमखास नापास होतो. तो नोंदीत घाला, एरर येऊ द्या, आणि मग तो क्रमांक लॉगमध्ये शोधा. सापडला तर टेस्ट नापास, आणि त्या दिवशी नवीन व्हर्जन व्यापाऱ्यांकडे जात नाही.