साताऱ्याहून घुमानला : पाटीवरचा 'फायनल कॉल' आणि आमची पळापळ

घुमानला जायचं आमच्या आळीतल्या मंडळींचं फार दिवस घाटत होतं. २०१५ साली तिथे मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हापासून आत्याच्या डोक्यात संत नामदेवांचं वास्तव्य झालेलं हे पंजाबातलं गाव बसलेलं. नामदेव महाराजांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे ती भिशीच्या बायकांना इतक्यांदा सांगून चुकली होती की शेवटी त्याच म्हणाल्या, चला एकदा. पुणे ते अमृतसर, मधे एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं आणि पुढे घुमानपर्यंत गाडी, असा बेत ठरला. घुमानबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते विमानतळावरच्या पाट्यांबद्दल. आमच्यातले बरेचसे पहिल्यांदाच विमानात बसत होते, आणि साताऱ्याहून असे ज्येष्ठांचे ग्रुप हल्ली वरचेवर निघतात.

आधी पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचं. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण हिशोब किलोमीटरचा करू नका. खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका आणि नवले पूल यांतलं कुठलंही एक तुंबलं की तास गेला. त्यामुळे चार तास हाताशी ठेवून निघावं. सामान थोडं असेल तर एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडी आणि पुढे रिक्षा, हा रस्ता दिवसा चांगला आहे. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही. कंदी पेढे हातातल्या बॅगेत खुशाल न्या. लोणच्याची बरणी मात्र चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर सिक्युरिटीला ती सोडून द्यावी लागते आणि तिथला निरोपसमारंभ फार लांबतो.

पुण्याहून सगळं सुरळीत झालं. गंमत सुरू झाली विमान बदलताना. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असा अनुभव कुठेही येऊ शकतो.

उतरून आत आलो तर समोरच्या पाटीवर आमच्या पुढच्या विमानापुढे लाल अक्षरांत 'फायनल कॉल'. सुटायला अजून तास होता. ग्रुपमध्ये जी धांदल उडाली ती विचारू नका. शेजारचे काका पुढे धावले, काकू मागे राहिल्या, आत्याची व्हीलचेअर ढकलणारा मुलगा त्याच्या गतीने शांत चाललेला. सरकत्या पट्ट्यांवरून धापा टाकत गेटवर पोचलो, तर काचेपलीकडे विमानच नाही! रिकामी जागा. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "बैठिए, अभी एयरक्राफ्ट नहीं आया."

"मग ते लाल काय लिहिलंय?" आत्याने मला विचारलं. तिला तिथे दिलेलं उत्तर अर्धवट होतं, इथे पुरं देतो.

विमानतळावरच्या पाट्या विमानाकडे बघून बदलत नाहीत. विमानतळाची एक माहितीची यंत्रणा असते, तिच्यातून सगळ्या पडद्यांवर मजकूर जातो. काही ठिकाणी कंपनीची माणसं गेटच्या डेस्कवरून स्थिती बदलतात. काही ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आधी अमुक मिनिटं झाली की 'बोर्डिंग', पुढे अमुक झाली की 'फायनल कॉल', असं घड्याळावरच चालतं. येणारं विमान लेट आहे हे कुणी त्यात भरलं नाही, तर पाटी आपली ठरल्याप्रमाणे पुढे सरकत राहते. शिवाय कंपनीचाही स्वार्थ असतो. सुटण्याच्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत विमान निघालं तर ते वेळेवर धरतात, आणि कोण किती वक्तशीर याचे आकडे डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, दर महिन्याला छापतं. दुकानांत आणि कॉफीच्या रांगेत रेंगाळणारी माणसं लवकर गेटवर गोळा व्हावीत म्हणून घाई थोडी आधीच दाखवली जाते. साताऱ्यात पोवई नाक्यावरचा वडापवाला, म्हणजे सीटांवर चालणाऱ्या जीपचा माणूस, चार सीटा रिकाम्या असताना "चला चला, सुटली गाडी" ओरडतो, तसलाच प्रकार. फरक एवढाच की वडापात आपल्याला आत डोकावून बघता येतं.

खरं तर विमानातही येतं, आणि माझा सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. गेटवर पोचलात की पाटीकडे कमी आणि काचेबाहेर जास्त बघा. विमान लागलंय का? त्यातून माणसं उतरतायत का? उतरत असतील तर ती सगळी उतरणार, साफसफाई होणार, तपासणी होणार, इंधन भरलं जाणार. नेहमीच्या आकाराच्या विमानाला हे सगळं उरकून नवी माणसं बसवून निघायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. विमान आलेलंच नसेल तर 'बोर्डिंग' हा शब्द कितीही वेळा लुकलुकू दे, पाय मोकळे सोडून बसा. बसने विमानापर्यंत नेणारं गेट असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण विमान दूर कुठेतरी उभं असतं. तिथे मोबाइलवर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये आपलं विमान आधी कुठून येतंय ते शोधायचं. ते अजून हवेत असेल तर तुम्ही जमिनीवरच राहणार. भाच्याने फोनवरून हे शिकवलं आणि पुढचा तासभर आमचे काका सगळ्या गेटला त्यावर प्रवचन देत होते.

मग गेट बदललं. येणारं विमान उशिरा आलं की त्याची उभं राहायची जागा दुसऱ्याला जाते, आणि जागेबरोबर गेटही. दिल्ली-मुंबईसारख्या अनेक मोठ्या विमानतळांवर आता सगळीकडे ऐकू जाणाऱ्या घोषणा होत नाहीत. आम्ही होतो तिथेही शांतताच होती. एसटी स्टँडवर कानाने प्रवास करायची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं. आमच्या गेटवरच्या पडद्यावर गुपचूप दुसऱ्याच गावाचं नाव आलं, एवढीच सूचना. मेसेज पाठवला होता म्हणे, पण तो गेला साताऱ्यातल्या एजंटच्या मोबाइलवर, कारण तिकीट काढताना त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. तेव्हा एजंटकडून तिकीट काढत असाल तर ग्रुपमधल्या दोघांचे तरी नंबर बुकिंगमध्ये घालून घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये ते आहेत का बघा. आणखी एक : व्हीलचेअर ढकलणारा मुलगा गेटवर पोचवून दुसऱ्या प्रवाशाकडे जातो. गेट बदललं की तो आपणहून परत येईलच असं नाही, डेस्कवर जाऊन मागावं लागतं. आत्या त्या नव्या गेटपर्यंत शेवटी निम्मं अंतर चालतच गेली.

आता जे खरं धोक्याचं, त्याकडे येतो. नव्या गेटवर पाटीने सांगितलं, 'डिले', आणि खाली नवी वेळ, जवळजवळ दीड तास पुढची. आमच्यातल्या काहींनी लगेच खायला जायचं ठरवलं. मी दोघांना थांबवलं, काका गेलेच. थोड्या वेळाने तीच वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली. असं होतं. दुसरं विमान मिळतं, हवा सुधारते, उड्डाणाची पाळी लवकर लागते, आणि मग कंपनी कुणासाठी थांबत नाही. काकांना फोन लागला म्हणून ते छोले-भटुऱ्याची डिश अर्धी टाकून आले. नांदेडकडचं एक तरुण जोडपं मात्र खालच्या मजल्यावर होतं. ते आले तेव्हा गेट बंद झालेलं. त्यांच्याकडे 'डिले'च्या पाटीचा फोटो होता, तो दाखवत ते डेस्कवर भांडत होते. आम्ही आत जाईपर्यंत तरी त्यांना कुणी सोडलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालंय : घाई दाखवणारी पाटी फार तर दम लागेपर्यंत पळवते. उसंत दाखवणारी पाटी विमान घालवते. पहिलीवर शंका घ्या, दुसरीवर विश्वास ठेवू नका. उशीर दिसला तरी ग्रुपमधला एक जण गेटवर बसलेला असावा, आणि बाकीच्यांनी त्याच मजल्यावर, गेट दिसेल एवढ्याच अंतरावर राहावं. देशांतर्गत विमानांची गेटं साधारण सुटायच्या २५ मिनिटं आधी बंद होतात, बोर्डिंग पासवर ते छापलेलं असतं. पाटी काहीही म्हणो, मूळ वेळेच्या हिशोबाने गेटजवळ असलेल्या माणसाचं सहसा काही बिघडत नाही.

उशीर लांबला तर हक्काचंही थोडं माहीत असावं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की कंपनीने खायला-प्यायला द्यायचं, असा डीजीसीएचा नियम आहे. उशीर सहा तासांपुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं तुम्ही निवडायचं. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, तेव्हा संकोच करू नका. आमच्या बायकांनी तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून डेस्कवरच्या मुलीलाच खायला घातलं, ते वेगळं. तक्रार करायची असेल तर पाटीचा फोटो वेळेसकट काढा, डेस्कवरच्यांनी काय सांगितलं ते लिहून ठेवा, आधी कंपनीला कळवा आणि दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. गेट बंद झाल्यावर पोचलेल्या माणसाला नुकसानभरपाई मिळणं कठीण असतं, कंपनी त्याला 'आलाच नाही' म्हणून मोकळी होते. पण चुकीच्या पाटीचा पुरावा असेल तर निदान भांडायला बूड राहतं.

अमृतसरला उतरल्यावर घुमानसाठी गाडी आधी ठरवलेली असेल तर चालकाला विमानाचा नंबर देऊन ठेवा, नुसती वेळ नको. आमचा चालक पोचायच्या जुन्या वेळेपासून ताटकळत होता आणि थांबल्याचे पैसे त्याने बरोबर लावले. येताना पुण्यात कॅब विमानतळाजवळच्या एअरोमॉल या पार्किंगच्या इमारतीतून घ्यावी लागते, सामानासकट तिथवर चालण्याची तयारी ठेवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर साताऱ्याची गाडी घरून निघतानाच ठरवून ठेवा.