नामावळीतली पणजी

आमचं घराणं नाशिकच्या रामकुंडावरचं, तीर्थोपाध्याय म्हणजे तीर्थावर येणाऱ्यांचे विधी करणारे, त्यामुळे नामावळीच्या वह्या सांभाळणं हे आमचं निम्मं काम. कुठल्या गावाहून कोण आलं, सोबत कोण, कोणाचं श्राद्ध केलं, सगळं गाववार लिहिलेलं. जुनी बाडं मोडी लिपीत. ती माळ्यावर असतात, कारण गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून आमच्याकडे सामान हलवायचं ठरतं, आणि 1969 च्या महापुरानंतर आजोबांनी वह्या परत खाली येऊच दिल्या नाहीत.

मागे पारोळ्याकडचे बहीणभाऊ आले, वडिलांच्या अस्थी घेऊन. आडनाव काही सापडेना. मग दादा म्हणाले, गुरुजी, आधी आम्हाला नुसतं पाटील म्हणायचे, तेव्हा कुठे लिंक लागली. पान निघालं शके 1842 चं, म्हणजे 1920, सिंहस्थाचं साल. मोठ्याने वाचत होतो आणि मधेच आवाज बसला माझा, एकाच घरातली चार नावं, एका बाईचा नवरा, दीर, दोन मुलं, आणि सगळ्यांच्या तिथ्या आश्विन-कार्तिक शके 1840. 1918 ची मानमोडी!! त्या इन्फ्लुएंझाने ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली होती. पिंड दिले सहा वर्षांच्या मुलाने, सोबत त्याची आई, तीच ती बाई, तिचं नाव आणि शेजारी निशाणी बांगडीची, सही येत नसलेल्या बाया तेव्हा तशीच करायच्या.

तो मुलगा म्हणजे ह्यांचे आजोबा. ताई म्हणाल्या, "आजोबा कधीच बोलले नाहीत हो, आम्हाला वाटायचं ते एकुलते एक."

नाशिकचा इतिहास म्हटला की 1909 चा कलेक्टर जॅक्सनचा वध, 1930 चा काळाराम सत्याग्रह आठवतो आणि आठवायलाच हवा, पण मानमोडीत गेलेल्या त्या दोन पोरांची नावं कुठे मिळणार? मला विचाराल तर ह्या वह्या शहराच्या मोठ्या ठेवींपैकी आहेत आणि कागद आता हात लावला की तुटतो.

ताईंनी विचारलं त्या चौघांचं पण आज करता येईल का. केलं. नवीन नोंदीत त्यांनी मुली, नाती सगळ्यांची नावं घालायला लावली आणि खाली स्वतः सही केली. सध्या रात्री बसून खानदेशच्या बाडांचे फोटो काढतोय, आधी जी पानं जास्त गेलीयत ती.